आवाजातला अभ्यास

आमच्या घरात अभ्यास कानांनी तपासला जाई. अण्णा, म्हणजे माझे वडील, खडकीच्या बाजूला एका कारखान्यात कामाला होते आणि विश्रांतवाडीला मोठ्या रस्त्यापासून बऱ्याच आत आमच्या दोन खोल्या होत्या, पुढे जाळीचा व्हरांडा. पहाटे कारखान्याचा भोंगा व्हायचा. त्याच्या आधी आईच्या स्टोव्हची फुरफुर सुरू झालेली असायची. दिवसातून कितीतरी वेळा डोक्यावरून विमानं जायची, इतकी खालून की मांडणीतली पितळी पातेली एकमेकांना लागून किणकिणत. एवढ्या आवाजांत अण्णांना आणखी एक आवाज हवा असे, तो म्हणजे मुलं पुस्तक वाचत असल्याचा. ते न्हाणीत असोत की मागच्या अंगणात सायकल पुसत असोत, त्यांचा एक कान व्हरांड्याकडे असायचा. वाचणारा थांबला की आतून प्रश्न यायचा, "काय, संपलं वाटतं पुस्तक?" ते स्वतः गावाकडच्या शाळेत चार इयत्ता शिकले होते. तिथे सगळा वर्ग एका सुरात धडा म्हणायचा आणि ज्याचे ओठ हलत नसत त्याला छडी मिळायची. त्यामुळे मनात वाचणारा मुलगा म्हणजे उघड्या डोळ्यांनी झोपलेला मुलगा, असं त्यांचं साधं गणित होतं.

माझी अडचण अशी होती की मला मनातही वाचता येत नसे आणि मोठ्यानेही. अक्षरं येत होती, वाचनही अडखळत नव्हतं, पण तिसऱ्या-चौथ्या ओळीला माझं मन पुस्तकातून उठून कुठेतरी निघून जायचं. पान संपायचं आणि त्यातलं काही म्हणता काही माझ्यापाशी उरायचं नाही. शाळा कशी पार पडली ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं. मास्तर वर्गात सगळं बोलून दाखवायचे आणि मी ऐकायचो, बस. कॉलेजात मात्र भलामोठा हॉल, मागचे बाक, खिडकीबाहेर रस्ता, आणि पुढे लांबवर एक प्राध्यापक फळ्याशी बोलल्यासारखे बोलणारे. ते तास संपताना म्हणायचे, "उरलेलं आपण घरी वाचा." उरलेलं म्हणजे जवळजवळ सगळंच. मी ग्रंथालयातून पुस्तकं आणायचो, टेबलाशी बसायचो, ताठ बसायचो, थंड पाण्याने डोळे धुऊन बसायचो. पेन्सिलीने ओळींखाली रेघा मारायचो, तर पुस्तकभर रेघाच व्हायच्या. शेवटी कपाळ टेबलावर टेकायचं आणि अण्णांचा आवाज यायचा, "साहेब दमले. शोभे, साहेबांना उशी दे गं." शोभा माझी धाकटी बहीण. ती खरोखरच उशी घेऊन यायची.

माझी नात सई इंजिनिअरिंगला आहे. हिंजवडीकडे हॉस्टेलात राहते आणि रविवारी धुण्याच्या कपड्यांची पिशवी घेऊन आमच्याकडे येते. कानात बोंडं घालून ती सोफ्यावर आडवी पडते, डोळे मिटते आणि म्हणते, "आजोबा, डिस्टर्ब नको, मी स्टडी करतेय." मी एकदा विचारलं, असा कसला अभ्यास? तर म्हणाली, "मी ऑडिटरी लर्नर आहे ना. वाचून माझं झिरो होतं." म्हणजे ज्याच्यापायी मी आयुष्यभर स्वतःला बावळट समजत आलो आणि पुढे जे घडलं ते घडलं, त्याला एक चक्क नाव आहे, आणि ते एखाद्या चष्म्याच्या नंबरासारखं सहज सांगता येतं. तिला वाचून दाखवणारा माणूस कोण, हे विचारायची गरजच नाही. तिच्या फोनमध्ये कोणीतरी न थकता बोलत असतं. माझ्या वेळी ते बोलणारा हाडामांसाचा माणूस होता आणि त्याची स्वतःचीही परीक्षा होती.

त्याचं नाव सोपान. माझ्या आत्याचा मुलगा, माझ्याच वयाचा. आत्याचं सासर खडकवासल्याच्या बाजूला एका खेड्यात. त्या घरातून कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं आणि आतोबांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, कोणी जावं असंही वाटत नव्हतं. आत्याने हट्ट धरला. अण्णांनी मध्यस्थी केली आणि एक बोली ठरली. सोपानने एक वर्ष आमच्याकडे राहून कॉलेज करायचं, पहिल्या वर्षी पास झाला तर पदवी होईपर्यंत कोणी आडवं यायचं नाही, नापास झाला तर त्याने मुकाट्याने गावी येऊन शेताला लागायचं. ही बोली आमच्या व्हरांड्यातच, चहा घेताना झाली. सोपान दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. नंतर आईला म्हणाला, "मामी, मी पास हुतो. बघाच तुम्ही." त्याच्याबरोबर आत्याने आंबेमोहोर तांदळाचं पोतं पाठवलं होतं. आई तो तांदूळ रोज थोडा थोडा शिजवायची आणि भात उकळायला लागला की वास व्हरांड्यापर्यंत यायचा. आजही तो वास आला की मला आधी राज्यशास्त्र आठवतं, मग भूक लागते.

सोपानचा आवाज चांगला होता. गोड म्हणणार नाही, पण भरदार, स्वच्छ, प्रत्येक अक्षर वेगळं ऐकू येणारा. बोलताना तो गावाकडचं बोलायचा, पण पुस्तक हातात घेतलं की त्याचे उच्चार छापल्यासारखे व्हायचे. तो ओळीखाली बोट ठेवून वाचायचा. विमान आलं की शब्द अर्धा तोंडात ठेवून थांबायचा, बोट तिथेच, आणि विमान गेलं की त्याच अक्षरापासून पुढे. अण्णा त्याच्यावर पहिल्या दिवसापासून खूश झाले. "याला म्हणतात अभ्यास," ते दाढी करता करता म्हणायचे आणि आरशातून माझ्याकडे बघायचे.

मला ताप आला होता तेव्हाची ही गोष्ट. मी व्हरांड्यातल्या खाटेवर पडलो होतो, सोपान शेजारी पाटावर बसून अर्थशास्त्राचं प्रकरण वाचत होता. मी ऐकतही नव्हतो, निदान मला तसं वाटत होतं. संध्याकाळी ताप उतरला, आईने मऊ भात आणि मेतकूट दिलं, आणि जेवताना माझ्या लक्षात आलं की ते अख्खं प्रकरण माझ्या डोक्यात आहे. क्रमाने, वाक्यावाक्याने, मधल्या विमानांसकट. मला इतका आनंद झाला की मी ताट बाजूला सारलं आणि सोपानला म्हणालो, "उद्या पुढचं वाच. मोठ्याने वाच हं." तो हसला. "मी काय बारीक आवाजात वाचतूय व्हय?"

तिथून आमची पद्धत बसली. पहाटे भोंग्याच्या आधी एक बैठक, कॉलेजातून आल्यावर दुसरी. अण्णा वीज जपून वापरणारे, जेवणं झाली की दिवे बंद, त्यामुळे रात्रीचा अभ्यास नाही. तो पाटावर, मी खाटेवर डोळे मिटून. दोनच शब्द मी बोलायचो. काही निसटलं तर "परत", आणि पक्कं झालं की "पुढे". या दोन शब्दांवर मी ते वर्ष काढलं. बाहेरून बघणाऱ्याला मात्र उलटंच दिसायचं. एक मुलगा घसा फोडून अभ्यास करतोय आणि दुसरा खाटेवर लोळतोय. शेजारच्या काकू आईला म्हणायच्या, "भाचा गुणी हो तुमचा. वसंताचं मात्र अवघड आहे." वसंता म्हणजे मी. मला ते लागायचं नाही. उलट मनातून बरं वाटायचं, कारण न वाचता मला सगळं येत होतं आणि हे फक्त मलाच माहीत होतं. सोपानचा घसा बसू लागला तेव्हा आईने त्याच्यासाठी ज्येष्ठमधाच्या काड्या आणल्या. एक काडी कायम त्याच्या गालात असायची. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, साखर जास्त घातलेला चहा, सगळं त्याला. घशाची काळजी सगळ्यांनी घेतली. त्या घशातून जे जात होतं ते त्याच्याकडे थोडं तरी उरतंय का, हे कोणी विचारलं नाही.

उरत नव्हतं. सोपानची शिकायची रीत वेगळी होती आणि मला ती चांगली माहीत होती, हे आज मला लिहून ठेवायचं आहे. त्याला थांबावं लागायचं. एक मुद्दा वाचला की पुस्तक मिटायचं, उठून चार पावलं टाकायची आणि तो मुद्दा स्वतःच्या भाषेत स्वतःला सांगायचा. मागणीचा नियम वाचताना तो एकदा असाच थांबला. म्हणाला, "थांब जरा वसंत. म्हंजे असं बघ, गवार म्हाग झाली की बाया पिशवी झटकून भेंडीकडं वळत्यात. आई मंडईत पाटी घिऊन बसती तवा मी बघतूय की! येवढंच हाय व्हय हे?" त्याचा चेहरा उजळला होता. तो आणखी काहीतरी बोलणार होता. मी डोळे न उघडता म्हणालो, "ते राहू दे. पुढे." आणि तो पुढे वाचू लागला. असं किती वेळा झालं असेल! दर वेळी तो थांबायला जायचा आणि दर वेळी मी त्याला पुढे हाकलायचो, कारण तो थांबला की माझ्या डोक्यातली ओळ तुटायची. माझं मनही तेवढ्यात उठून जायचं आणि ते परत आणायला मला दुसरा उपायच माहीत नव्हता.

सहामाहीला गवारीची गोष्ट मी उत्तरात लिहिली. मुद्दाम चोरली असं नाही, लिहिता लिहिता ती त्या ओळीच्या पाठोपाठ आली. प्राध्यापकांनी ती वर्गात वाचून दाखवली आणि म्हणाले, "बघा, पुस्तकाबाहेर विचार केलेला विद्यार्थी." मला चांगले गुण पडले होते. सोपान तीन विषयांत कसाबसा काठावर होता आणि दोनात खाली. घरी येताना आम्ही एकाच सायकलवर होतो, तो पुढे दांडीवर. मग म्हणाला, "ते गवारीचं बरं लिवलंस." मी पायडल मारत राहिलो. त्याच्या आवाजात टोमणा शोधला तर सापडला नाही आणि त्यामुळे मला जास्तच कसंतरी झालं. सहामाहीचे गुण आम्ही दोघांनीही घरी सांगितले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो म्हणाला, "वसंत, थोडे दिस मी आपला मनातच वाचून बघतो." मी "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तो पाटावर बसला, बोट ओळीवर, तोंड बंद. मी माझं पुस्तक उघडलं आणि नेहमीप्रमाणे चौथ्या ओळीला हरवलो. न्हाणीतला तांब्याचा आवाज थांबला. मग अण्णा टॉवेल गुंडाळून दारात आले. "काय सोपानराव? मौनव्रत?" "न्हाई मामा, मनात वाचतूय." "मनात," अण्णा म्हणाले. "मनात वाचून आमचे चिरंजीव काय दिवे लावतात ते बघतोयस ना? त्याच्या वळणावर जाऊ नकोस. आईला तोंड दाखवायचंय ना तुझ्या?" सोपानने माझ्याकडे पाहिलं. मी सांगू शकलो असतो की अण्णा, माझे गुण त्याच्या वाचण्यावर आलेत, त्याला गप्प बसू द्या. तेवढं एक वाक्य होतं. मी खाटेवर आडवा झालो आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने आवाज सुरू झाला.

नेटाने अभ्यास कसा करावा यावर हल्ली सई काय काय बघत असते. एखादा तरुण मुलगा हातवारे करून सांगतो की मोटिव्हेशन आतून यायला हवं. मला त्या मुलाशी वाद घालायचा नाही, पण आमच्या घरात ज्याच्याकडे ते आतून होतं तो मी नव्हतो. मी अण्णांना घाबरून अभ्यास करत होतो. सोपानला खरोखर शिकायचं होतं. ग्रंथालयातल्या कपाटांच्या काचेला तो नाक लावून उभा राहायचा. एवढी ओढ असलेला मुलगा रोज पहाटे उठत होता, रोज बसत होता, एकही दिवस चुकवत नव्हता, आणि रोज थोडा थोडा मागे पडत होता. आपण मागे पडतोय हे त्याला कळत होतं, त्याचं कारणही कळत होतं. पण मामाच्या घरी राहणाऱ्या, मामाचं अन्न खाणाऱ्या मुलाने त्याबद्दल बोलायचं कसं?

तरीही तो एकदा बोलला. वार्षिक परीक्षेआधी कॉलेजला अभ्यासाची सुट्टी लागली तेव्हा. उन्हाळा चढत होता, आईने कैरीचं पन्हं केलं होतं आणि आम्ही सगळे व्हरांड्यात बसलो होतो. सोपानने पेला खाली ठेवला आणि अण्णांना म्हणाला, "मामा, ही सुट्टी मी गावाकडं जाऊ का? कालव्याच्या कडंला झाडं हायती, तितं कोण नसतं. हिंडत हिंडत अभ्यास करीन. माझं मला जमंल." तो हे पाठ करून आल्यासारखा बोलला. अण्णा लगेच रागावले नाहीत. त्यांनी खरंच विचार केला. मग ते माझ्याकडे वळले. माझं मत विचारायची त्यांची ती बहुधा पहिलीच वेळ असेल. "काय रे, तू रोज बघतोस याला. गावी होईल याचा अभ्यास?"

शोभा पन्ह्यात बोट बुडवून चाटत होती. आई सोपानकडे बघत होती. सोपान माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, कारण मी काय सांगणार याबद्दल त्याला शंकाच नव्हती. आणि मला एकाएकी सगळी सुट्टी दिसली. रिकामा पाट, मिटलेली पुस्तकं, आणि मी चौथ्या ओळीवर. मी म्हणालो, "गावी गेला तर काही होणार नाही त्याचं. इथे आवाजात वाचतो तेच बरं आहे."

"झालं तर," अण्णा म्हणाले आणि उठले.

सोपानने पेला उचलला, उरलेलं पन्हं प्यायला, पेला विसळून पालथा घातला आणि विचारलं, "कुठनं वाचू?"

त्या सुट्टीत त्याने सगळी पुस्तकं वाचली. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, तर्कशास्त्र, सगळी पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मी जिथे "परत" म्हणालो तिथे परत. माझे "परत" वाढत चालले होते, कारण मला भीती वाटत होती. शेवटी शेवटी त्याचा आवाज पार गेला. ज्येष्ठमध चघळून त्याची जीभ पिवळी पडली होती. मग तो खाटेच्या उशाशी बसून माझ्या कानाशी पुटपुटल्यासारखा वाचायचा. त्याच्या श्वासाला त्या काडीचा गोडूस वास यायचा. मी डोळे उघडून एकदाही त्याच्याकडे नीट पाहिलं नाही. उघडले असते तर "आता पुरे" म्हणावं लागलं असतं, आणि "पुरे" म्हणायची माझी ताकद नव्हती.

परीक्षेच्या हॉलमध्ये तो माझ्या पुढे, तिरका बसला होता. मला त्याची मान आणि उजवा खांदा दिसायचा. प्रश्न वाचला की माझ्या कानात तो सुरू व्हायचा आणि मी लिहून घ्यायचो. अक्षरशः लिहून घ्यायचो. पुरवण्या मागायला मी हात वर करायचो तेव्हा त्याचा खांदा हललेला नसायचा. तो पेन धरून बसलेला असायचा. तर्कशास्त्राच्या पेपराला त्याने एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. नक्कल करायला नव्हे, तो तसा नव्हता. नुसतं पाहिलं, आणि पुन्हा पुढे वळला.

निकाल लागला तेव्हा मला पहिला वर्ग होता आणि सोपान चार विषयांत गेला होता. अण्णांना धक्का बसला, पण त्यांनी त्याचा अर्थ लावायला फार वेळ घेतला नाही. "कष्टाळू आहे, पण डोकं नाही," ते म्हणाले. "आणि आमचं हे लोळून लोळून पहिल्या वर्गात. देव देतो कुणाला तर असं देतो." ती गोष्ट आमच्या नात्यात पक्की झाली. लग्नाकार्यात पंगतीला बसलं की कोणीतरी सांगायचंच, वसंता पुस्तकाला हात न लावता पास झाला आणि सोपान वर्षभर घसा फोडून नापास. सगळे हसायचे. सोपानही हसायचा, वाढता वाढता. मी ताटाकडे बघायचो. मी हुशार आणि तो मठ्ठ, हे इतकी वर्षं सगळे धरून चालले आणि त्यातलं एक अक्षर मी खोडलं नाही. अण्णा गेले, आई गेली, आत्या गेली. ज्यांना सांगायला हवं होतं ती माणसं संपत आली, म्हणून हे लिहितो आहे.

आतोबा न्यायला आले त्या दिवशी आईने ज्येष्ठमधाच्या उरलेल्या काड्या कागदात बांधून सोपानला दिल्या. "आता कशाला मामी," तो म्हणाला, पण त्याने पुडी खिशात ठेवली. मला म्हणाला, "पुढच्या वर्साला कोण वाचून दावणार तुला?" चिडून नाही, खरोखरीच्या काळजीने. मी म्हणालो, बघू. पुढच्या वर्षी मी शोभाला बसवायला गेलो, तर ती पुस्तक माझ्या मांडीवर टाकून म्हणाली, "मला माझा अभ्यास आहे, दादा. तुझं तू वाच." शाळेतल्या पोरीने सरळ सांगून टाकलं. मी उरलेली वर्षं तिसऱ्या वर्गात रडतखडत काढली. अण्णा लोकांना सांगायचे की भाऊ गावी गेल्याचं मनाला लागलंय पोराच्या. मी तेही खोडलं नाही. आणि आत्याकडून आंबेमोहोराचं पोतं दर वर्षी येतच राहिलं.

इथपर्यंत लिहून झाल्यावर हे कागद घेऊन मी मागच्या आठवड्यात सोपानकडे गेलो. त्याच्या गावाभोवती आता उंच इमारती आहेत. शेताचा एक तुकडा त्याने राखलाय, बाकी गेलं. मुलाचं हार्डवेअरचं दुकान आहे, घर मोठं आहे, त्याचं वाईट झालं असं कोणी म्हणणार नाही. ऐकू मात्र त्याला जवळजवळ येत नाही. कानाचं यंत्र टेबलावर पडलेलं होतं. "नुसती खरखर करतंय," तो म्हणाला. मी कागद काढले आणि त्याच्या कानाशी ओरडून म्हणालो, "तुझ्याबद्दल लिहिलंय. वाचून दाखवतो."

"तू वाचून मला काय ऐकू येणार? आण हिकडं."

त्याने चष्मा लावला, ओळीखाली बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मला ते सुचलंच नव्हतं. स्वयंपाकघरातून त्याची सून डोकावली. "बाबांना मनात वाचताच येत नाही हो काका. पेपर रोज अख्ख्या बिल्डिंगला ऐकवतात." तो वाचत राहिला. आवाज थोडा घोगरा झालाय, पण अक्षर न् अक्षर सुटं. मी नकळत डोळे मिटले. अण्णांचं वाक्य त्याने वाचलं, गवारीचं वाचलं, माझ्या तोंडचं ते पन्ह्याच्या वेळचं वाक्यही त्याच सुरात वाचलं, ना हळू ना जोरात. मध्येच एक हेलिकॉप्टर घरावरून गेलं. पूर्वी तो थांबला असता. आता त्याला ते ऐकूच आलं नाही आणि माझ्या दोन-तीन ओळी त्या आवाजाखाली गेल्या.

शेवटचं पान संपलं. त्याने कागद मांडीवर नीट जुळवले. मी डोळे उघडले. त्याच्या चेहऱ्यावरून मला काही समजेना. मी जवळ सरकून ओरडलो, "कळलं ना सगळं?"

"अरं, वाचताना माझ्या ध्यानात कधी काय ऱ्हायलंय?" तो म्हणाला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "परत वाचू?"

मला नको म्हणायचं होतं. त्याने पहिलं पान वर घेतलं, बोट ओळीखाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत थांबला, आणि मला नको म्हणता आलं नाही.